खेळातले रॉकेट, नोकरीतले रॉकेट

सांजवात

नमस्कार. माझा मुलगा पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेली चार वर्षे तो ‘केर्बल स्पेस प्रोग्राम’ हा एकच खेळ मनापासून खेळत आला आहे. स्वतः रॉकेट जोडायचे, ते उडवायचे, केर्बिन नावाच्या छोट्या ग्रहाभोवती कक्षेत न्यायचे आणि जमल्यास तिथल्या चंद्रावर उतरवायचे, असा तो खेळ आहे. मी स्वतः एकोणीस वर्षे सॉफ्टवेअर चाचणीच्या कामात आहे, तरी हा खेळ मी बरीच वर्षे वेळेचा अपव्यय समजत होते.

मागच्या रविवारी मी त्याच्याशेजारी तासभर बसले. त्याला पुढे चाललेल्या दुसऱ्या यानाला गाठायचे होते. माझ्या मनाने म्हटले, वेग वाढव. त्याने यान उलटे फिरवले, वेग कमी केला, त्यामुळे यान खालच्या कक्षेत गेले, खालच्या कक्षेचा फेरा लवकर पूर्ण झाला आणि दीड फेऱ्यांत पुढचे यान हाताशी आले. हे त्याने मला पाठ केलेल्या उत्तरासारखे सांगितले नाही, सायकल शिकवताना आपण तोल कसा सांभाळायचा ते सांगतो तसे सांगितले.

आता तो म्हणतो आहे की नोकरी करायची तर अंतराळयानांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा खेळ बनवण्यात. त्याच्या बाबांचे मत असे, की कॅम्पसमधून जी मोठी कंपनी मिळेल ती घ्यावी आणि हा छंद छंदच ठेवावा. या दोन्ही क्षेत्रांत प्रत्यक्ष काम केलेल्यांकडून मला जाणून घ्यायचे आहे, की खेळातून आलेली ही समज नोकरीत खरोखर कितपत उपयोगाची असते आणि ती कुठे अपुरी पडते.

उत्तरध्रुव

सांजवात ताई, मी अकरा वर्षे खेळ बनवण्याच्या क्षेत्रात होतो, म्हणून आधी त्या बाजूचे सांगतो.

या खेळाचा जन्म कसा झाला हे मुलाला ठाऊक असेलच, पण तुम्हीही ऐकावे असे ते आहे. फेलिपे फालांगे हा तरुण मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीत नोकरीला होता आणि ती कंपनी खेळ बनवणारी नव्हती, जाहिरात-विपणनाची होती. लहानपणी तो फटाक्यांच्या रॉकेटवर पत्र्याच्या कागदाची माणसे बसवून उडवत असे आणि त्यांनाच केर्बल म्हणत असे. खेळ करण्यासाठी तो नोकरी सोडायला निघाला, तेव्हा मालकांनी त्याला तिथेच राहून तो करू दिला. जून २०११ मध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती आली आणि एप्रिल २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली. मधल्या काळात, २०१४ साली, नासाबरोबर लघुग्रह पकडण्याच्या मोहिमेचा भाग त्यात आला आणि २०२० साली युरोपीय अंतराळ संस्थेबरोबर एरियन ५ रॉकेट आणि रोझेटा यान यांसारखी खरी वाहने आली.

आता दुसरी बाजू. २०१७ साली टेक-टू या अमेरिकी कंपनीने हा खेळ विकत घेतला. त्याचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सिअॅटलमधल्या ज्या स्टुडिओत तो घडत होता तिथल्या सत्तर जणांची नोकरी गेल्याची नोंद वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी सूचनेत झाली. वसाहती आणि दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास ही आश्वासने तशीच राहिली. लाखो लोकांच्या आवडीचे नाव पाठीशी असूनही तिथल्या माणसांना त्याचा आधार झाला नाही, हे मला मुलाच्या बाबांच्या बाजूने नोंदवायचे आहे. माझ्याही बाबतीत असेच घडले. दोन वर्षे ज्या खेळावर आम्ही काम केले तो एका सकाळच्या बैठकीत बंद झाला आणि दुपारपर्यंत आमची ओळखपत्रे परत घेतली गेली. त्या कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण त्या काळात असेच इतर ठिकाणीही झाले.

तरीही मुलाला या क्षेत्रापासून दूर ठेवा असे मी म्हणणार नाही, कारण खेळ बनवणारा जे शिकतो ते दुसरीकडे सहज मिळत नाही. एकच उदाहरण देतो. या खेळात सुरुवातीला याने लांब गेली की थरथरू लागत आणि तुकडे होऊन उडत. खेळाडूंनी त्या अदृश्य राक्षसाला ‘क्राकेन’ म्हटले. कारण असे होते की संगणकातली ३२ बिटांची दशांश संख्या साधारण सातच अंक धरून ठेवते. मूळ बिंदूपासून १०० किमी दूर गेले की स्थान सुमारे ८ मिलिमीटरच्या पायऱ्यांनीच मोजता येते, आणि १०,००० किमी दूर गेले की ती पायरी एक मीटरची होते. यानाचे दोन भाग एकमेकांना जोडलेले असताना त्यांच्यातले अंतर जर मीटरच्या उडीने मोजले जाऊ लागले, तर खेळातल्या भौतिकीला वाटते की जोड ताणला गेला आहे, ती तो तोडते. यावर उपाय असा केला, की जग स्थिर धरून यान हलवण्याऐवजी यानच मूळ बिंदूपाशी ठेवायचे आणि भोवतालचे जग सरकवायचे.

मुलाने खेळ खेळला आहे हे मुलाखतीत कोणी विचारणार नाही. पण क्राकेन का येतो आणि तो कसा आवरला, हे त्याने स्वतः छोटा प्रोग्राम लिहून दाखवले, तर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसेल.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ‘खालच्या कक्षेत जाऊन पुढच्याला गाठणे’ हे वाचून मला फार आनंद झाला. केप्लरचा तिसरा नियम, म्हणजे कक्षा जितकी लहान तितका फेरा लवकर, फळ्यावर लिहून तो मुलांच्या अंगात उतरत नाही, हे मी वीस वर्षे पाहतो आहे.

मंगळयानाचे उदाहरण त्याला जरूर द्या, कारण ते या खेळातल्या शिकवणीचे प्रत्यक्ष रूप आहे. पीएसएलव्ही हे आपले मध्यम ताकदीचे प्रक्षेपक, त्याने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी १,३३७ किलो वजनाचे यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेतच सोडले. तिथून पुढे यानाच्या स्वतःच्या छोट्या इंजिनाने, दर खेपेस पृथ्वीच्या जवळच्या बिंदूपाशी म्हणजे उपभूपाशी थोडाथोडा जोर लावून, दूरचा बिंदू म्हणजे अपभू वाढवत नेला. वेग सर्वाधिक असताना इंधन जाळले की त्याच इंधनातून जास्त ऊर्जा मिळते, या परिणामाला ओबर्थचे नाव आहे. केर्बलचा खेळाडू हे नाव माहीत नसतानाही तेच करतो.

चौथ्या खेपेला, ११ नोव्हेंबरच्या पहाटे, अडचण आली. इंजिनाच्या झडपेच्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही गुंडाळ्यांना एकाच वेळी वीज दिली गेली, तेव्हा इंधनाचा प्रवाह थांबला आणि सेकंदाला १३० मीटरऐवजी ३५ मीटरच वेगवाढ मिळाली. त्यामुळे अपभू ७१,६२३ किमीवरून ७८,२७६ किमीपर्यंतच गेला. दुसऱ्याच दिवशी १२४.९ मीटरची पूरक वेगवाढ देऊन तो १,१८,६४२ किमीवर नेला. १ डिसेंबरला यान मंगळाकडे निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी तिथल्या कक्षेत बसले.

हे आकडे मुद्दाम देतो आहे. मुलाला वहीवर या दोन्ही खेपांची, आधी अडखळलेली आणि मग पूरक, वेगवाढ काढायला सांगा. उपभूची उंची साधारण २५० किमी धरावी. बारावीच्या गणितात हे बसते.

अपभू

मी बंगळुरूमध्ये लहान उपग्रह बनवणाऱ्या एका कंपनीत उड्डाण-सॉफ्टवेअर लिहितो. गाव माझे चिपळूण. खेळात नसलेल्या एका गोष्टीबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमची निम्मी नोकरी त्या एका गोष्टीवर चालते.

केर्बलमध्ये यान कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि किती वेगाने चालले आहे, हे खेळाला नेमके ठाऊक असते, कारण ते सगळे त्याच्याच स्मृतीत असते. खऱ्या यानाला ते कधीच नेमके ठाऊक नसते. त्याच्याकडे फिरण्याचा वेग मोजणारा घूर्णमापक असतो जो हळूहळू भरकटतो, ताऱ्यांची छायाचित्रे घेणारा कॅमेरा असतो ज्याच्यावर कधी सूर्याचा प्रकाश पडतो, आणि जमिनीवरून आलेली मोजमापे असतात जी काही वेळाने जुनी होतात. या सगळ्या अर्धवट साक्षीदारांना ऐकून, कोणावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवून, स्थानाचा अंदाज बांधणारे गणित सतत चालवावे लागते. चुकीच्या वेळी चुकीच्या साक्षीदारावर विश्वास ठेवला की यान हातचे जाते.

इन्जेन्युइटी या मंगळावरच्या छोट्या हेलिकॉप्टरचे सहावे उड्डाण पाहा. २२ मे २०२१ रोजी उड्डाणाच्या चोपन्नाव्या सेकंदाच्या सुमारास कॅमेऱ्याचे एक छायाचित्र वाटेत हरवले. फक्त एक. पण त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीची वेळ पडली, म्हणजे यान जे पाहत होते ते थोडे आधीचे दृश्य आहे हे त्याला कळेना, आणि ते स्वतःची चूक दुरुस्त करण्याच्या भरात पुढे-मागे डोलू लागले. तरीही ते ठरलेल्या जागेपासून सुमारे पाच मीटरच्या आत सुखरूप उतरले, कारण आराखड्यात स्थैर्यासाठी पुरेशी मोकळीक ठेवलेली होती आणि उतरताना अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्याची माहिती वापरायचीच नाही असे आधीच ठरवलेले होते. ते शेवटचे वाक्य ज्याने कोणी आराखड्यात लिहिले, त्याचे काम मला चंद्रावर उतरण्याइतकेच मोलाचे वाटते.

त्या हेलिकॉप्टरवरचे सॉफ्टवेअर ज्या चौकटीवर उभे होते ती ‘एफ प्राइम’ नावाने नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने सर्वांसाठी मोफत खुली ठेवली आहे. तुमच्या मुलाने ती वाचावी. सी++ येत असेल तर पहिल्या आठवड्यातच त्याला कळेल की खेळ बनवणारे आणि आम्ही दूरचे नातेवाईक आहोत. खेळात एका सेकंदात साठ चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात, त्यापलीकडे गेले की चित्र अडखळते. आमच्याकडेही नियंत्रणाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेली मुदत असते. फरक एवढाच, की आमच्याकडे अडखळलेल्याला पुन्हा सुरू करायला समोर कोणी बसलेले नसते. म्हणून उड्डाण सुरू झाल्यावर नवी स्मृती मागायची नाही, प्रत्येक आवर्तनाला कमाल मर्यादा असलीच पाहिजे, असे कडक नियम आम्ही पाळतो.

जाता जाता: ताई, तुम्ही एकोणीस वर्षे चाचणीत आहात हे वाचले. ‘एक छायाचित्र हरवले तर काय होईल’ हा प्रश्न विचारणारी माणसे आमच्या क्षेत्रात फार कमी आहेत. मुलाला कोड लिहायला कोणीही शिकवेल, हा प्रश्न विचारायला तुम्ही शिकवू शकता.

दुर्बीण

मी निवृत्त आहे. रॉकेटच्या मोटारींची आवरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात माझी नोकरी झाली. संगणकाचे मला फारसे कळत नाही, पण अपभू यांनी लिहिलेले वाचून नारायणगावजवळच्या खोडदची गोष्ट आठवली, म्हणून लिहितो.

खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा अत्यंत क्षीण संदेश आपल्या जुन्नर तालुक्यातल्या या दुर्बिणीने टिपला होता. तो संदेश उतरण्याच्या वेळेआधीच तुटला. पुढे चौकशीत कळले की हवाई छत्री उघडल्यावर यानाला जे हेलकावे बसले त्यात फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण त्याच्या कमाल मर्यादेला जाऊन सुमारे एक सेकंद अडकले. तेवढ्या चुकीच्या मापावरून संगणकाने यानाची उंची उणे काढली, म्हणजे आपण जमिनीच्या खाली आहोत असे त्याला वाटले, त्याने छत्री सोडून दिली, इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली, आणि यान सुमारे ३.७ किमी उंचीवरून खाली कोसळले.

उंची उणे असू शकत नाही हे शाळेतल्या मुलालाही कळते. पण ते यानाला कोणीतरी सांगून ठेवावे लागते.

मला आणखी एक सुचवायचे आहे. अंतराळ म्हणजे केवळ बंगळुरू आणि केवळ सॉफ्टवेअर असे मुलांना वाटू देऊ नका. वालचंदनगरला पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची आवरणे होतात, विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटांची ‘विकास’ नावाची इंजिने होतात. पहिल्या टप्प्याचे आवरण २.८ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग नावाच्या अतिशय मजबूत पोलादाचे असते आणि त्यात १३९ टन घन इंधन बसते. आमच्या हाताखाली जोडाच्या शिवणीची क्ष-किरण फिल्म प्रकाशपेटीवर ठेवून इंच इंच पाहत बसणारा एक मुलगा होता, आयटीआय झालेला. केसाएवढी काळी रेघ दिसली की तो भिंग लावून पुन्हा पाही आणि शंका असली तर सही करत नसे, मग वरून कितीही घाई असो. त्याने नाकारलेला एक जोड कापून पुन्हा केला तेव्हा आतली पोकळी आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. खेळात असे आवरण कधी फाटत नाही ना? मग तेवढे त्याला ठाऊक असू द्या.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. दुर्बीण काका, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. अपभू, चाचणीबद्दल तुम्ही लिहिलेत ते माझ्यासाठी अनपेक्षित होते. कंटाळवाणे काम म्हणून मुलांसमोर मी त्याबद्दल फारसे बोलतच नव्हते.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. संगणक शाखेच्या मुलाला इस्रोत वाट आहे का, की खासगी कंपन्यांकडेच पाहावे?

अपभू

वाट आहे. इस्रोची भरती-जाहिरात इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिकी आणि संगणक या शाखांसाठी येते, लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, आणि शास्त्रज्ञ-अभियंता ‘एससी’ या सुरुवातीच्या श्रेणीच्या पदाचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. मोठ्या आयटी कंपनीच्या सुरुवातीच्या पगाराशी तुलना केली तर हे कमी नाही. जाहिरात मात्र दरवर्षी ठरल्या वेळी येईल या भरवशावर राहू नये.

खासगी क्षेत्र २०२० साली, खासगी कंपन्यांना अंतराळकामाची परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची घोषणा झाल्यापासून मोकळे झाले. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस हे रॉकेट नोव्हेंबर २०२२ मध्ये उडाले, चेन्नईच्या अग्निकुलचे मे २०२४ मध्ये. या कंपन्यांत माणसे कमी असल्यामुळे नव्या मुलाला पहिल्या वर्षीच उडणाऱ्या यंत्राचे काम मिळते. पैशाची पुढची फेरी मिळाली नाही तर मात्र पगार थांबू शकतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तीन महिने अर्धा पगार आला, हे मी लपवत नाही. उत्तरध्रुव यांनी सांगितलेली अनिश्चितता इथेही आहे. पण सी++, नियंत्रणशास्त्र आणि अंदाजाचे गणित ज्याला येते त्याला वाहनउद्योग, वैद्यकीय उपकरणे, ड्रोन असे चार दरवाजे उघडे असतात. मी त्या तीन महिन्यांत दोन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या आणि दोन्हीकडून होकार आला होता.

उत्तरध्रुव

याला माझी पुस्ती. मी आता शल्यचिकित्सकांच्या सरावासाठी आभासी शस्त्रक्रियेचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. तिथेही तेच भौतिकीचे इंजिन, तीच मुदत, आणि ऊतक ताणले की कधी फाटायचे हाच प्रश्न. खेळ गेला, पण खेळ बनवताना हाताला लागलेले वळण गेले नाही.

सांजवात

कृष्णाकाठ सर, तुम्ही दिलेले गणित काल रात्री आम्ही दोघांनी वेगवेगळे केले. मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिले नाही. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किमी आणि उपभूची उंची २५० किमी धरली. पहिल्या खेपेला दोघांचे उत्तर सेकंदाला सुमारे ३३ मीटर आले, इस्रोचा आकडा ३५ आहे. पूरक खेपेला आमचे १२६ आले, इस्रोचा १२४.९. दोन्हींची बेरीज आमची १५९, त्यांची १६०. माझ्या हातून इतक्या वर्षांनी वर्गमुळे काढली गेली आणि इतकी जवळ आली, याचे मला फार समाधान वाटले.

त्याला समाधान वाटले नाही. पूरक खेपेतला फरक उपभूची उंची अंदाजे धरल्यामुळे येऊ शकतो हे त्याने मान्य केले, पण पहिल्या खेपेत ३५ पैकी दोन मीटर म्हणजे बरेच झाले असे त्याचे म्हणणे आहे. मुख्य इंजिनाचा प्रवाह थांबल्यावर दिशा राखणाऱ्या छोट्या इंजिनांनी जोर लावत राहण्याची व्यवस्था यानात होती, हे त्याने शोधून काढले. तो जोर कमी असल्याने जास्त वेळ चालला असेल, यान तोवर उपभूपासून पुढे सरकले असेल, आणि तिथे लावलेला जोर तितका फळला नसेल, असा त्याचा तर्क आहे. आमच्या सूत्रात सगळा जोर एका क्षणात, एका बिंदूवर लागतो.

आज सकाळपासून त्याने खेळात खऱ्या सूर्यमालेची मापे घातली आहेत, तेवढ्याच वजनाचे यान केले आहे, आणि उपभूपाशी मुख्य इंजिन मध्येच बंद करून छोट्या इंजिनांवर अपभू किती वर जातो ते तो मोजतो आहे. वही शेजारी उघडी आहे. सर, छोट्या इंजिनांचा रेटा किती धरावा हे तुम्हाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे, तो वाट पाहतो आहे.

कृष्णाकाठ

त्या यानावर २२ न्यूटनची आठ छोटी इंजिने होती. सगळी एकाच दिशेला तोंड करून असतील असे मात्र गृहीत धरू नये, आधी चार धरून पाहावे.